रोमचें धर्मपीठ व कल्याणचा बिशप

रोमच्या पोपाची गादी पीटर या ख्रिस्तशिष्यापासून अखंड चालत आली व तिची सत्ता आरंभापासूनच सर्व ख्रिस्ती मंडळ्यांवर होती, अशी समजूत रूढ आहे. तिची पारख करण्यास उपयोगी पडणारा एक पुरावा आपल्या कोंकणांतला आहे. तो वाचकांपुढें ठेवावा, एवढाच या टिपणाचा हेतु.

प्रथम रोमकडील साधनें पाहूं. इ. स. ९६ च्या सुमारास रोमच्या मंडळीनें करिंथच्या मंडळीस धाडलेलें पत्र क्लेमेंटच्या नांवावर प्रसिद्ध आहे. परंतु पत्रांत त्याचें नांव नाहीं, तें सर्व मंडळीच्या वतीनें लिहिलेलें आहे. पुढें अंत्युखियाच्या इग्नेशियसनें रोमकरांस पत्र लिहिलें, त्यांतही तेथील बिशपाचा उल्लेख नाहीं. रोमच्या बिशपांची आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी यादी इरेनियसची, म्हणजे इ. स. १८० च्या सुमाराची. वऱ्हाडांतील महानुभाव पोथ्यांतल्या गुरुपरंपरा तपासणारांस हें सांगावयास नको कीं, अशी यादी तींतील पहिल्या पुरुषाच्या काळाची साक्ष नसून ती लिहिणाराच्या काळाची साक्ष असते. तेवढ्यानें ती खोटी ठरत नाहीं. मात्र तिच्यावर किती भार घालावा, हें ठरतें.

‘पोप’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘बाबा’. तिसऱ्या शतकांत कार्थेजचा बिशप सिप्रियन यासही तो लावीत. याच सिप्रियननें इ. स. २५६ त रोमच्या स्टीफनचें बाप्तिस्म्याविषयींचें मत झुगारिलें. पीटरचा वारस म्हणून सर्वाधिकाराचा दावा सुसंगतपणें मांडला तो पहिल्या लिओनें (इ. स. ४४०–४६१).

लिओनंतर सुमारें शंभर वर्षांनीं, इ. स. ५५० च्या आसपास, अलेक्झांड्रियाच्या कॉस्मस नामक व्यापाऱ्यानें आपल्या ग्रीक ग्रंथांत लिहून ठेविलें आहे कीं, ‘कल्लियाना’ येथें एक बिशप असून त्याची नेमणूक इराणांतून होते. हें स्थळ म्हणजे ठाणें जिल्ह्यांतील कल्याण होय, असें बहुतेक संशोधक मानतात. कान्हेरीच्या लेखांत ज्या कल्याणचे दाते आढळतात, तेंच हें बंदर. इराणच्या ख्रिस्ती मंडळ्यांनीं इ. स. ४१० त सेलूशियाच्या बिशपास आपला मुख्य मानलें, व ४२४ च्या सभेंत त्याच्या निवाड्यावर पश्चिमेकडे दाद मागूं नये असें ठरविलें. म्हणजे कल्याणच्या बिशपाची आज्ञा-परंपरा सेलूशियास जात होती, रोमास नव्हे.

रोमपंथी साधु या किनाऱ्यावर आले ते फार उशिरा. इ. स. १३२१ त ठाण्यास चार फ्रान्सिस्कन मारले गेले, त्या वेळीं ते एका नेस्तोरी, म्हणजे इराणी परंपरेच्या, ख्रिस्त्याच्या घरीं उतरले होते. त्यांचा सोबती जॉर्डेनस यास पोप बावीसावा जॉन यानें १३२९ त कोल्लमचा बिशप नेमिलें. कॉस्मसच्या नोंदीनंतर तोंपर्यंत पावणेआठशें वर्षें लोटलीं होतीं.

रोमचें वडीलपण फार जुनें आहे, हें खरें. पण वडीलपण निराळें व हुकमत निराळी. एक ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट अशी कीं, कॉस्मसच्या ग्रंथाची सर्वांत जुनी उपलब्ध प्रत नवव्या शतकांतील असून ती पोपांच्याच व्हॅटिकन ग्रंथालयांत जपलेली आहे.