सीआयडीत पंच का दिसत नाही?

आज टीव्हीवरच्या खुनाच्या आणि तपासाच्या मालिकांबद्दल बोलायचंय. कुठली बघा, कुठली सोडा, अशी यादी मी देणार नाही. तसली रील तुमच्या फोनवर रोज येत असतील. मला बोलायचंय एका माणसाबद्दल. खऱ्या तपासात तो जवळजवळ प्रत्येक ठिकाणी असतो, आणि मी पाहिलेल्या मालिकांमध्ये तो जवळजवळ कुठेच नसतो. आमच्या घरात मात्र तो होता, म्हणजे माझे बाबाच.

मी ढाणकीचा. यवतमाळ जिल्हा, उमरखेड तालुका. पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्हा लागतो, त्यामुळे आमची बोली अर्धी वऱ्हाडी, अर्धी मराठवाड्याची. बसस्टँडजवळ बाबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. आमच्या घरी टीव्ही उशिरा आला. त्याआधी शेजारच्या काकांकडे ओसरीत बसून बघायचो. आजी पुढे, आम्ही पोट्टे मागे.

आता जरा मागे जाऊ. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना वाटत असेल की आपल्याकडचा टीव्हीवरचा तपास सीआयडीपासून सुरू झाला. तसं नाही. हिंदीत 1985 मध्ये 'करमचंद' आलं होतं. पंकज कपूर, हातात गाजर आणि सोबत किटी. 1993 मध्ये बासू चॅटर्जींनी 'ब्योमकेश बक्षी' आणलं, रजित कपूरना घेऊन. ते मी आत्ता मोठेपणी मोबाईलवर पाहिलं, आणि माझ्या मते आजही त्याच्या तोडीचं आपल्याकडे फार नाही. त्यात घाई नाही. माणूस खोलीत येतो, बसतो, बोलतो, आणि आपल्याला त्याचा संशय यायला वेळ मिळतो.

आणि मराठीत मुंबई दूरदर्शनवर होती 'एक शून्य शून्य'. मुंबई पोलिसांच्या तपासांच्या गोष्टी, आणि नाव घेतलेलं थेट कंट्रोल रूमच्या 100 नंबरवरून. ती केली बी. पी. सिंग यांनी, आणि तिच्यात होते शिवाजी साटम. ओळखलंत ना? बँकेत नोकरी करता करता नाटकात काम करणारा हा माणूस आधी मराठीतला पोलीस झाला, मग अख्ख्या देशाचा एसीपी प्रद्युम्न. म्हणजे तुमच्या मीममधल्या त्या फिरणाऱ्या बोटांचं मूळ एका मराठी मालिकेत आहे. 1990 च्या सुमारास 'हॅलो इन्स्पेक्टर' आली. तिच्यातले रमेश भाटकर इतके रुबाबदार होते की आमच्या गल्लीतल्या दोन-तीन बायांना पोलीस खातं म्हणजे तेच वाटायचं.

गंमत अशी की ज्या 100 नंबरचं नाव मालिकेला दिलं होतं, तो फिरवायला आमच्या गल्लीत कुणाकडे फोनच नव्हता.

मग जानेवारी 1998 मध्ये सोनीवर सीआयडी सुरू झाली. ती ऑक्टोबर 2018 पर्यंत चालली, दीड हजारांहून जास्त भाग, आणि डिसेंबर 2024 मध्ये परत आली. 2004 मध्ये तर त्यांनी 111 मिनिटांचा एक भाग एका सलग शॉटमध्ये काढला, मध्ये एकही कट नाही. या लोकांना काम येत नव्हतं असं कुणी म्हणू नये. आम्ही सगळे भक्त होतो. पण भारनियमनाचे दिवस होते ते. खुनी सापडायच्या नेमक्या वेळेला लाइट जायची. मग दुसऱ्या दिवशी शाळेत ज्याच्याकडे इन्व्हर्टर, तो पोट्टा राजा. आधी त्याला बोरं द्यायची, मग तो खुनी कोण ते सांगणार.

आजीला मात्र खुनी कोण याच्याशी देणंघेणं नव्हतं. तिचा प्रश्न वेगळाच असायचा. "काहून रे बाबू, हे लोक इतक्या लवकर येतेत कसे?"

सीआयडीचा साचा तुम्हाला पाठ आहे. मृतदेह, डॉक्टर साळुंखेंची प्रयोगशाळा, दयानं तोडलेला दरवाजा, दोन थपडा आणि कबुली. कबुली झाली की केस संपली. प्रद्युम्न साहेब फाशीचं बोलतात आणि नावांची पाटी सुरू होते. कोर्ट कधी लागतच नाही.

इथे इतिहासाची एक गोष्ट सांगतो, कारण ती कळल्यावर माझा मालिका बघण्याचा चष्माच बदलला. पोलिसांसमोर दिलेली कबुली आपल्या कायद्यात पुरावा म्हणून चालतच नाही. आणि हे आजचं नाही. 1855 मध्ये मद्रास इलाख्यात सरकारी माणसं छळ करून कबुली आणि वसुली काढतात, याची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल आला. 1861 च्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात कबुलीवर बंधनं आली. मग 1872 च्या पुरावा कायद्यात कलम 25 आलं: पोलिसाला दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येणार नाही. इंग्रजांनासुद्धा कळलं होतं की थप्पड मारली की माणूस काहीही कबूल करतो. 1 जुलै 2024 पासून नवा भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्याच्या कलम 23 मध्येही हेच आहे. म्हणजे दया ज्या क्षणी थप्पड मारतो, त्या क्षणी खटल्याच्या दृष्टीनं त्याच्या हातात काहीच उरत नाही. हिंदी-मराठी टीव्हीचा सगळ्यात मोठा डिटेक्टिव्ह शेवटच्या पाच मिनिटांत दर आठवड्याला आपलीच केस पाडतो.

मग खरी केस उभी राहते कशावर? जुन्या कायद्यात कलम 27 होतं, आता ते त्याच कलम 23 मध्ये आलंय. आरोपी म्हणाला, "मी चोरी केली आणि माल पुलाखाली लपवला," तर "मी चोरी केली" हे कोर्टात चालत नाही. पण त्याच्या सांगण्यावरून पुलाखाली खरंच माल मिळाला, तर तेवढा सांगण्याचा भाग चालतो. आणि माल खरोखर तिथूनच निघाला, पोलिसांनी आणून ठेवला नाही, हे कोण सांगणार? पंच. दोन साधी माणसं. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत झडतीसाठी लिहिलं होतं की त्याच भागातले दोन किंवा अधिक स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी बोलवायचे, आणि लेखी सांगूनही कुणी विनाकारण नाही म्हणालं तर तो गुन्हा. त्या कलमाचा नंबर माहितेय? शंभर. एक शून्य शून्य. मला ते वाचून एकट्यालाच हसू आलं होतं.

आता बाबांचं सांगतो.

2001 चा पावसाळा. आमच्याकडे विहिरींवरच्या मोटारी आणि केबल चोरीला जात होत्या, तांब्यासाठी. एका शेतकऱ्याची मोटार गेली. तो आमच्या ओळखीचा, बाबांच्या दुकानात बसणारा. एक आरोपी सापडला आणि माल दाखवतो म्हणाला. जीप बसस्टँडवर थांबली. दुकान उघडं होतं म्हणून बाबा, आणि केळीची गाडी लावणारा एक जण, असे दोघं पंच. इतकीच त्यांची निवड. नाल्यावरच्या पुलाखाली चिखलात एक पोतं निघालं, त्यात केबल. मोटार जवळच्या झुडपात. पंचनामा लिहिला, बाबांनी सही केली, संध्याकाळी घरी येऊन आंघोळ केली आणि विषय संपला असं आम्हाला वाटलं.

समन्स आलं 2007 मध्ये. मध्ये सहा वर्षं. पहिल्या तारखेला साहेब रजेवर. दुसऱ्या तारखेला आरोपीचा वकील नाही. प्रत्येक वेळी दुकान बंद, बसभाडं खिशातून. तिसऱ्या वेळी बाबा पिंजऱ्यात उभे राहिले. वकिलानं विचारलं, पोत्याचा रंग कोणता होता?

बाबा म्हणाले, पांढरा. पंचनाम्यात लिहिलं होतं, पिवळा.

त्यांना खरंच आठवत नव्हतं. चिखलातलं पोतं होतं ते! मग वेळ विचारली, तीही चुकली. केळीवाला तर म्हणाला, मी फक्त सही केली, पाहिलं काहीच नाही. सरकारी वकिलानं दोघांनाही फितूर ठरवायला सांगितलं. आरोपी सुटला. आता कायदा म्हणतो की पंच फितूर झाले म्हणून केस आपोआप पडत नाही. तपास अधिकाऱ्याची साक्ष विश्वासाची वाटली तर कोर्ट तिच्यावर जाऊ शकतं. इथे तसं झालं नाही, झालं ते झालं. पण तो शेतकरी त्या दिवसापासून दुकानात आला नाही. बसस्टँडवर चार लोकांत म्हणाला, "सायकलवाला इकल्या गेला." बाबांनी कधी कुणाकडून चहासुद्धा घेतला नव्हता. फितूर हा शब्द आपल्याकडे किती जड आहे ते तुम्हाला शाळेच्या इतिहासानं शिकवलंच आहे. तो शब्द आमच्या घराला चिकटला, एका पोत्याच्या रंगावरून.

त्यानंतर सीआयडीचं संगीत सुरू झालं की बाबा उठून बाहेर ओट्यावर बसायचे. आम्ही आवाज कमी करायचो.

म्हणून मला या मालिकांबद्दल राग आहे का? राग नाही, तक्रार आहे. मालिकेनं गावाला शिकवलं की खुनी डोळ्यांत दिसतो, प्रयोगशाळेचा रिपोर्ट चहा गार व्हायच्या आत येतो, आणि माणूस सुटला म्हणजे कुणीतरी पैसे खाल्ले. चौथी शक्यता, की सहा वर्षांत माणूस विसरतो, ती आम्हाला पडद्यावर कुणी दाखवलीच नाही. दाखवली असती तर त्या शेतकऱ्यानं निदान एकदा दुकानात येऊन विचारलं असतं, असं मला वाटतं.

नंतरच्या मराठी मालिकांनी तर तपासच बाजूला ठेवला. 2016 मध्ये झी मराठीवर 'रात्रीस खेळ चाले' आली. कोकणातला वाडा, घरातला प्रत्येक जण संशयित. सुरुवात झकास होती. पण रहस्यकथेला शेवट लागतो आणि रोजच्या मालिकेला शेवट नको असतो, या ओढाताणीत गोष्ट सैल झाली. 2019 मध्ये दुसरं पर्व आलं तेव्हा ती मागे गेली, अण्णा नाईक जिवंत असतानाच्या काळात, आणि 'कोणी केलं' हा प्रश्नच मागे पडला. खरं सांगायचं तर ते पर्व मला जास्त आवडलं, माधव अभ्यंकरांमुळे. 2020 ची 'देवमाणूस' मात्र मला खुपली. वाईजवळच्या धोममध्ये डॉक्टर म्हणून वावरणाऱ्या एका माणसाला 2016 मध्ये अनेक खुनांच्या आरोपाखाली अटक झाली, त्या प्रकरणाची सावली मालिकेवर होती. त्यात गेलेल्या बायांची घरं खरी आहेत. मालिकेत मात्र लक्षात राहतो तो डॉक्टरच. किरण गायकवाडनं काम छान केलंय, म्हणून तर जास्त खुपतं.

पंच मला शेवटी टीव्हीवर नाही, सिनेमात भेटला. चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट', 2014. व्हेनिसला पुरस्कार, मग राष्ट्रीय पुरस्कार. त्यात पोलिसांचा एक ठरलेला साक्षीदार आहे, अनेक केसेसमध्ये तोच उभा राहणारा. आणि तारखा, तारखा, तारखा. तो मी बाबांना लॅपटॉपवर दाखवला. अर्ध्यात म्हणाले, "हे बरोबर हाये." आणि झोपले.

आता काळ बदललाय. 100 च्या जागी 112 आलाय. गंभीर गुन्ह्यांत बरेचदा सरकारी कर्मचाऱ्यांना पंच म्हणून नेतात. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 नं झडती आणि जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं केलंय, आणि त्यासाठी शक्यतो मोबाईल वापरा असं कायद्यातच लिहिलंय. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी यायचंय. म्हणजे डॉक्टर साळुंखे कागदावर तरी आमच्या नाल्यापर्यंत पोचले.

मागच्या दिवाळीत मी गावी होतो. आमच्या मागच्या गल्लीत चोरी झाली आणि पंच म्हणून एका पोराला घेतलं. बी.ए.ला असेल, बाबांच्या दुकानात हवा भरायला येणारा. पोलिसानं मोबाईल धरला, पोरानं कॅमेऱ्यासमोर नाव सांगितलं, केस नीट करून. सगळी गल्ली बघत होती. बाबाही ओट्यावरून बघत होते. संध्याकाळी तो हवा भरायला आला तेव्हा बाबांनी त्याला थांबवलं आणि माझ्या जुन्या वहीतलं कोरं पान फाडून दिलं.

"व्हिडिओ राहीन त्यायच्याकडं," ते म्हणाले. "तू आजच लिहून ठेव. किती वाजले होते, कोण कोण होतं. अन् पोत्याचा रंग."

"काका, पोतं नव्हतंच ना," पोरगा म्हणाला.

"मंग तेच लिही," बाबा म्हणाले, आणि पंप त्याच्या हातात दिला.