अंजनगावची पानपिंपरी

सातपुड्याच्या पायथ्याशी, अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीकडे आणि अकोल्यातल्या अकोट-तेल्हारा पट्ट्यात बारी समाज पानमळ्यांच्या जोडीने एक वेल जपत आला आहे. शेतात तिचं नाव पानपिंपरी. वैद्याच्या पुडीत ती पिंपळी होते. नागवेलीच्याच कुळातली, म्हणून तिला लागणारी सावली आणि ओल बाऱ्यांच्या हाताला आधीच ठाऊक होती. तिची बारीक कणसं पिकून मऊ पडण्याआधी, हिरवीकाळी असतानाच खुडायची आणि उन्हात वाळवायची. दम लागणाऱ्या माणसाला मधातून चाटवतात ती हीच.

तिचं नाव मात्र दुसरीनेच पळवलं. संस्कृतातल्या पिप्पलीचं ग्रीकांनी पेपेरी केलं, रोमनांनी पिपेर, इंग्रजांनी पेपर, आणि आज त्या नावाने ओळखली जाते काळी मिरी. पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीने रोममधले भाव लिहून ठेवलेत: पौंडभर काळ्या मिरीला 4 देनारी, पिंपळीला 15. पुढे अमेरिकेतून मिरची आली आणि स्वयंपाकघरातली पिंपळीची जागा गेली. औषधात ती टिकली. सुंठ, मिरी, पिंपळी हे त्रिकटू. खोकल्याच्या सितोपलादी चूर्णात 16 भाग खडीसाखरेला 4 भाग पिंपळी. आणि 64 प्रहर, म्हणजे सलग आठ दिवस-रात्र खलून केलेली चौसष्ट प्रहरी पिंपळी.

चरकाने तिला योगवाही म्हटलं, म्हणजे सोबतच्या औषधाचा गुण वाढवणारी. त्याच ठिकाणी ती अती खाऊ नये असंही बजावलं. मला हा इशारा फार मोलाचा वाटतो, कारण आपण चूर्ण लक्षात ठेवलं आणि इशारा विसरलो.

मुंबईच्या डॉ. शरदिनी डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी मुलांच्या दम्यावर पिंपळी वापरून पाहिली. तो लेख 1984 चा. आशा वाटावी असा, पण तेवढ्यावर उपचार उभा करता येत नाही. 1991 मध्ये तिच्यातलं पायपरीन निरोगी माणसांना थिओफायलिनबरोबर देऊन पाहिलं, तेव्हा रक्तातलं थिओफायलिन वाढलं. थिओफायलिन हे दम्याचंच औषध, आणि त्याची योग्य मात्रा व विषारी मात्रा यांत अंतर थोडं. दमेकऱ्याच्या घरात पिंपळी चालू असेल तर ते डॉक्टरांच्या कानावर घालायलाच हवं, आणि दम्याचा पंप उशाशी राहू द्यावा.