अपकृत्य

कराराबाहेरचे, कायद्यानेच लादलेले कर्तव्य मोडून दुसऱ्याचे नुकसान करणे म्हणजे अपकृत्य. बदनामी, अतिक्रमण, उपद्रव ही त्याची ओळखीची रूपे. येथे तुरुंगवास नव्हे, भरपाई मिळते. भारतात हा कायदा बराचसा निवाड्यांतूनच घडला आहे.

सर्वांत व्यापक रूप निष्काळजीपणाचे. १९२८ साली स्कॉटलंडमधील पेझ्लीच्या एका कॅफेत मे डोनोह्यू यांना सोबतच्या व्यक्तीने जिंजर बिअर घेऊन दिली. काच गडद होती. उरलेले पेय ओतताना कुजलेली गोगलगाय बाहेर पडली, अशी त्यांची तक्रार. पैसे दुसऱ्याने दिलेले, म्हणजे करार नाही. मग दाद कशाच्या आधारे मागायची? १९३२ मध्ये न्यायाधीश लॉर्ड अ‍ॅटकिन यांनी निकालात उत्तर दिले: आपल्या कृतीची झळ ज्याला बसेल हे आधी कळू शकते, तो कायद्याने आपला शेजारी, आणि त्याची काळजी घेणे बंधनकारक. ग्राहकाला थेट उत्पादकाला जाब विचारता येऊ लागला तो या निकालामुळे. गोगलगाय मात्र न्यायालयात कधीच सिद्ध झाली नाही.

धोकादायक उद्योगात निष्काळजीपणा सिद्ध करण्याचीही गरज नसते. डिसेंबर १९८५ मध्ये दिल्लीत ओलियम वायूची गळती झाली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने निरपेक्ष दायित्वाचे तत्त्व मांडले. इंग्लंडमध्ये १८६८ च्या निकालातून आलेल्या कठोर दायित्वातही चूक सिद्ध करावी लागत नसे, पण त्याला अपवाद होते. निरपेक्ष दायित्वाला एकही नाही. शिवाय उद्योग जितका मोठा, तितकी भरपाई जास्त.