नंबर तोच, कंपनी नवी

मुंबईत पहिले टेलिफोन एक्स्चेंज १८८२ साली सुरू झाले. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे कंपनी बदलावी की नाही, हा प्रश्न फोनधारकाला पडलाच नाही, कारण दुसरी कंपनीच नव्हती. सुरुवातीला परवाना ओरिएंटल टेलिफोन कंपनी या इंग्रज कंपनीकडे होता. १९४३ मध्ये सरकारने मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या तिन्ही शहरांची सेवा ताब्यात घेतली. पुढे हा कारभार पोस्ट आणि तार खात्याकडे, १९८५ मध्ये दूरसंचार विभागाकडे आणि १९८६ पासून मुंबई व दिल्लीपुरता महानगर टेलिफोन निगम म्हणजे एमटीएनएलकडे आला. मालक बदलत गेले, पण ग्राहकाला निवड कधीच मिळाली नाही.

त्या काळात फोन मिळणे हीच मोठी गोष्ट होती. अर्ज भरून वर्षानुवर्षे थांबावे लागे. डॉक्टर, पत्रकार अशांसाठी वेगळी यादी असे आणि मोठी अनामत भरू शकणाऱ्यांसाठी ‘ओन युवर टेलिफोन’ ही योजना होती. ज्यांच्याकडे फोन नसे ते शेजाऱ्याचा किंवा खालच्या दुकानाचा नंबर ‘पी. पी.’ अशी खूण करून लग्नपत्रिकेवर छापत. टेलिफोन लाइनीच्या तक्रारींवर लोकसभेत चर्चा झाली, तेव्हा दळणवळण मंत्री सी. एम. स्टीफन यांनी फोन ही चैन आहे आणि ज्यांना सेवा पसंत नसेल त्यांनी तो परत करावा, अशा अर्थाचे उत्तर दिले होते. १९८०च्या दशकातले हे उत्तर उद्दाम होते, पण वस्तुस्थितीला धरून होते. नाराज ग्राहकापुढे तेवढा एकच मार्ग होता.

नंबर तर माणसाचा नव्हताच, तो एक्स्चेंजचा होता. सुरुवातीच्या आकड्यांवरून फोन कोणत्या भागातला ते कळे. दादरची जागा सोडून बोरिवलीला बिऱ्हाड हलवले की ‘शिफ्टिंग’चा अर्ज करावा लागे आणि फोन सुरू झाला तरी नंबर नवा येई. मग सगळ्या नातेवाइकांना पोस्टकार्डे टाकण्याचे काम उरे. पुढच्या काळातही कंपनी बदलण्याची खरी किंमत मासिक बिलापेक्षा या नंबरातच मोजली गेली.

१९९४च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने खासगी कंपन्यांना दार उघडले. ३१ जुलै १९९५ रोजी देशातला पहिला मोबाइल कॉल झाला. प्रत्येक परवाना-क्षेत्रात, म्हणजे सर्कलमध्ये, सुरुवातीला दोनच कंपन्या होत्या. मुंबईत त्या बीपीएल आणि हचिसन मॅक्स या होत्या. निवड आली, पण दर असे होते की आलेल्या कॉललाही पैसे पडत आणि लोक मिस्ड कॉलवर भागवत. १९९७ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, स्थापन झाले. १९९९च्या नव्या धोरणाने ठरावीक परवाना शुल्काऐवजी उत्पन्नातल्या वाट्याची पद्धत आणली आणि मे २००३ पासून इनकमिंग मोफत झाले. दर झपाट्याने खाली आले आणि एकाहून एक स्वस्त योजना निघू लागल्या.

तरीही लोक जुनी कंपनी सोडत नव्हते, कारण सोडली की नंबर जाई. प्लंबरचा नंबर सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लिहिलेला, विमा एजंटचा शेकडो व्हिजिटिंग कार्डांवर छापलेला. त्यांच्यासाठी महिन्याला शंभर रुपये वाचवणे म्हणजे गिऱ्हाईक गमावणे होते. यातून एक सोयीची वाट निघाली. जुने सिम फक्त इनकमिंगसाठी चालू ठेवायचे आणि बोलायला दुसऱ्या कंपनीचे स्वस्त सिम घ्यायचे. दोन सिमांच्या हँडसेटला आपल्याकडे इतकी मागणी आली, त्याचे एक मोठे कारण हेच होते. रिलायन्सच्या सीडीएमए सेवेत तर हँडसेटही कंपनीशीच बांधलेला असे. सेवा सोडली की तो फोन निरुपयोगी ठरे.

महाराष्ट्रात आणखी एक गुंता होता. परवान्याच्या नकाशावर मुंबई हे स्वतंत्र सर्कल आहे, तर उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरे. त्यामुळे मुंबईचे सिम घेऊन पुण्याला गेलेला माणूस आपल्याच राज्यात रोमिंगवर असे, आणि नोकरीनिमित्त तिकडे कायमचा राहिला तर नंबर बदलणे भाग पडे.

नंबर ग्राहकासोबत जावा, ही शिफारस ट्रायने मार्च २००६ मध्ये केली. नियम आले सप्टेंबर २००९ मध्ये. अंमलबजावणीच्या तारखा पुढे ढकलल्या जात राहिल्या. अखेर २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणात आणि २० जानेवारी २०११ रोजी देशभर मोबाइल नंबर पोर्टेबिलिटी सुरू झाली. सर्कल ओलांडून नंबर नेण्याची मुभा मात्र जुलै २०१५ मध्ये मिळाली, आणि मुंबई-पुण्यात नंबर बदलण्याचा तो जाच तेव्हा संपला.

पद्धत अशी ठरली: ‘पोर्ट’ हा शब्द आणि आपला दहा आकडी नंबर १९०० वर पाठवायचा, आलेला आठ अक्षरांचा कोड नव्या कंपनीला द्यायचा. नंबर हलवण्याचे काम रात्री होते आणि तेवढा वेळ फोन बंद राहतो. प्रीपेडची शिल्लक नव्या कंपनीत जात नाही. पोस्टपेडची थकबाकी असेल किंवा जुन्या कंपनीत ९० दिवस पूर्ण झाले नसतील, तर विनंती फेटाळली जाते. सुरुवातीच्या वर्षांत कोड देण्याचे काम जुन्या कंपनीकडेच असल्याने अडवणुकीला वाव होता. डिसेंबर २०१९ पासून मधली क्लिअरिंग हाउस संस्था आधी अटी तपासते आणि मगच कोड देते. त्याच सर्कलमध्ये तीन कामाचे दिवस लागतात, दुसऱ्या सर्कलसाठी पाच. फसवणूक करणारे दुसऱ्याच्या नावाचे सिम काढून लगेच नंबर पळवू लागल्यावर जुलै २०२४ पासून सिम बदलल्यानंतर सात दिवस पोर्टिंग बंद ठेवण्याचा नियम आला. हा आवश्यक अडथळा आहे, कारण आता बँकेचे ओटीपी त्याच नंबरावर येतात.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि स्पर्धेचा चेहराच बदलला. रिलायन्स कम्युनिकेशन्सची मोबाइल सेवा २०१७ मध्ये आवरली, २०१८ मध्ये एअरसेल दिवाळखोरीत गेली, त्याच वर्षी व्होडाफोन आणि आयडिया एकत्र झाल्या. बंद पडणाऱ्या कंपन्यांच्या ग्राहकांसाठी पोर्टिंग हा निवडीचा प्रश्न उरला नाही, नंबर वाचवण्याची ती शेवटची संधी होती. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हा अनेकांनी उलटी वाट धरून सरकारी बीएसएनएल गाठले. या घडामोडींत नंबर टिकला, ही पोर्टेबिलिटीची मोठी कमाई आहे.

घरच्या इंटरनेटला असे काही लाभले नाही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी सरकारी कंपनी व्हीएसएनएलने इंटरनेट सेवा सुरू केली आणि १९९८ च्या धोरणाने खासगी कंपन्यांना परवानगी दिली. तोवर लोकांचे ईमेल पत्ते व्हीएसएनएलच्या नावाने होते. जोडणी सोडली की पत्ताही जाई. नंतर केबलवाल्याने गल्लीत तार ओढून इंटरनेट आणले आणि २००५ पासून एमटीएनएल, बीएसएनएलने टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवर ब्रॉडबँड दिले. ही तार इतर कंपन्यांना भाड्याने द्यावी, असे ट्रायने सुचवले होते. २००४च्या ब्रॉडबँड धोरणाने मात्र ते बंधनकारक केले नाही. ब्रिटनमध्ये तसे झाल्याने तिथे जुन्याच तारेवर कंपनी बदलता येते. आपल्याकडे प्रत्येक नव्या कंपनीला जिन्यातून, गच्चीवरून स्वतःची फायबर ओढावी लागते आणि त्यासाठी सोसायटीची परवानगी लागते. इमारतीत एकाच कंपनीची फायबर आली असेल, तर तिथे निवड संपते.

लँडलाइन नंबराची पोर्टेबिलिटीही भारतात नाही. ब्रॉडबँड बदलताना जुना घरचा नंबर जातोच. राउटर कंपनीचा असेल तर तो परत द्यावा लागतो, नाहीतर अनामत अडकते. सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे पैसे आगाऊ भरले असतील, तर मुदतीआधी सोडताना किती परत मिळतील हे योजनेच्या अटींवर ठरते. म्हणून बहुतेक घरांत नवी जोडणी सुरू होऊन काही दिवस नीट चालली की मगच जुनी बंद करतात.