मासेमारीसाठी हवेची नौका निवडताना

हवा भरून फुगवण्याची नौका घडी करून मोटारीतून नेता येते. त्यामुळे तलाव आणि जलाशयांवर गळाने मासे धरणाऱ्यांना ती सोयीची ठरते. मात्र किंमत किंवा लांबी पाहण्याआधी तिचे हवेचे कप्पे मोजणे आवश्यक आहे. कप्पे स्वतंत्र आणि किमान दोन, शक्यतो तीन असावेत. म्हणजे एक फाटला तरी उरलेल्यांच्या आधारे काठ गाठता येतो. शिंगाळ्यासारख्या माशाचा काटा किंवा निसटलेला गळ नौकेला भोक पाडू शकतो. एकाच कप्प्याची नौका या कामासाठी घेऊच नये. जीवरक्षक जाकीट तर प्रत्येक वेळी हवेच.

पीव्हीसीचे कापड हलके आणि स्वस्त असते, पण कडक उन्हात लवकर खराब होते. हायपॅलॉन हे कृत्रिम रबर ऊन आणि तेल अधिक सोसते, मात्र महाग पडते. ड्यूपॉन्ट कंपनीने २०१० मध्ये त्याचे उत्पादन थांबवले. त्याच जातीचे रबर आता अन्य उत्पादक पुरवतात.

उभे राहून गळ टाकायचा असल्यास तळ कडक हवा. नौकेवर नमूद केलेल्या कमाल भारात माणसांसह मोटर, बॅटरी आणि सामानाचे वजनही धरावे.

उन्हात काठावर फुगवलेली नौका थंड पाण्यात उतरताच सैल पडते. तेव्हा दाब तपासून पुन्हा हवा भरावी. उलट, पाण्याबाहेर काढून उन्हात ठेवताना थोडी हवा सोडावी, अन्यथा आतील हवा प्रसरण पावून जोड उकलण्याची शक्यता असते.