अंगणवाडीचे अंगण

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा आग्रह आपल्या चिटणीसबाईंनी केला तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पाककृती लिहावी तर त्या सर्वांनाच येतात. मग मनात आले, की आपल्या दारावरून लहान मुले रोज ज्या अंगणवाडीत जातात, तिला हे नाव कसे मिळाले तेवढे तरी सांगावे. अनुताई वाघ यांचे 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे आत्मवृत्त मंडळाच्या पेटीत आहे. गेल्या पावसाळ्यात ते मी दोनदा वाचले.

गोष्ट सुरू होते ती फार लांब, इटलीतल्या रोम शहरात. तेथे सान लोरेन्झो नावाची गरीब कामकऱ्यांची वस्ती होती. आईबाप कामावर गेले की शाळेच्या वयाची न झालेली मुले जिन्यांतून हिंडत आणि नासधूस करीत. त्यांच्यासाठी ६ जानेवारी १९०७ रोजी मारिया माँटेसरी या डॉक्टरीणबाईंनी तेथल्याच एका इमारतीत बालगृह उघडले. हल्ली माँटेसरी म्हटले की आपल्याला बूट, टाय आणि भली मोठी फी आठवते. मूळ मात्र असे गरिबाघरचे आहे.

आपल्याकडे हा विचार रुजला तो गुजरातेत. वकिली सोडलेल्या गिजुभाई बधेकांनी भावनगरला १९२० साली बालमंदिर काढले. पुढे ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केला. तो चांगला चालला, पण ती शहरातली, शिकलेल्या घरची मुले. खेड्यातल्या मुलांचे काय, हा प्रश्न राहिलाच होता. म्हणून १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, बाई मुंबई सोडून बोर्डीला गेल्या. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती, आता पालघरमध्ये आहे. सोबत पस्तीस वर्षांच्या अनुताई होत्या. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य आलेली ही बाई त्यानंतर शिकली, हे आपल्यापैकी ज्यांची शाळा लग्नापायी सुटली त्यांनी मुद्दाम ध्यानात घ्यावे.

बोर्डीला बालवाडी उघडली, पण गरिबांच्या वस्तीतली मुले काही तिकडे फिरकेनात. मग या दोघींनी मुलांना दोष न देता शाळाच उचलली आणि वस्तीत नेली. कोणाच्या तरी अंगणात मुले जमवायची, हातपाय धुवायचे, नखे काढायची, केस विंचरायचे, मग गाणी आणि गोष्टी. साहित्य म्हणाल तर महागडी लाकडी खेळणी कोठून आणणार? समुद्रकाठचे शिंपले, झाडाच्या बिया, पाने, खडे यांवरच मोजणे आणि निवडणे चाले. अक्षरांची घाई नव्हती. अंगणात भरते म्हणून ती अंगणवाडी.

हे वाचताना मला माझ्या थोरल्याची आठवण झाली. शेजारचा मुलगा चार वर्षांचा असताना शंभरपर्यंत लिहितो असे कळले आणि मी ह्याच्या हाती पेन्सिल दिली. त्याला ती धरता येईना. एक दिवस मी त्याच्या बोटांवर पट्टी मारली. त्यानंतर तो पाटी दिसली की चुलीमागे जाऊन बसे. सासूबाई मात्र त्याला चिंचोके मोजायला बसवीत आणि तो ते तासन्तास मोजी. सासूबाईंनी ताराबाईंचे नावही ऐकले नव्हते.

पुढे १९५७ च्या सुमारास संस्थेचे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली लोकांत गेले. तेथली मुले गुरे राखीत, म्हणून कुरणावर शाळा भरवली. मोठी बहीण धाकट्याला सांभाळायला घरी राहते हे पाहून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका ठिकाणी आणल्या. त्याला विकासवाडी म्हणत. या ओळींपाशी मी पुस्तक मिटून बरीच वेळ बसले. मी आठ वर्षांची असताना आईबापांबरोबर उसाला गेले होते. ते पहाटे अंधारात फडात जात आणि मी दोन वर्षांच्या भावाला कडेवर घेऊन कोपीत राही. पुढच्या वर्षी आजीने मला गावी ठेवून घेतले, म्हणून सातवी तरी झाली.

सरकारने २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेले. आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि शाळापूर्व शिक्षण, असे पुष्कळ काम तिच्यावर आले. अनुताईंना ते पाहायला मिळाले, त्या १९९२ साली वारल्या. ताराबाई मात्र १९७३ मध्येच गेल्या होत्या.

आता आपल्या बीड जिल्ह्याकडे पाहू. बोर्डीला अंगणवाडी भरू लागली तेव्हा आपण निजामाच्या राज्यात होतो. १७ सप्टेंबर १९४८ ला सुटलो. आज अंगणवाडी गावोगावी आहे. परंतु दिवाळी झाली की कोयते निघतात, कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी कर्नाटकात, आणि चैत्रापर्यंत परत येत नाहीत. मोठ्या मुलांसाठी काही गावांत हंगामी वसतिगृहे निघाली. तीन-चार वर्षांचे पोर मात्र आईला सोडून कसे राहणार? ते जाते. अंगणवाडी गावात राहते आणि अंगण ट्रॅक्टरवर बसून निघून जाते.

आमच्या गल्लीतली अंगणवाडीताई दरवर्षी टोळी निघण्याआधी घरोघर फिरते. मुलांची वजने आणि कोणता डोस राहिला ते चिठ्ठीवर लिहून आईच्या पदराला बांधते. गेल्या वर्षी तिने प्रत्येक पोराला डब्यात मूठभर चिंचोके दिले, रंगवलेले. टोळीत सहा वर्षांखालची मुले किती, त्यांची नावे लिहून तिने मुकादमालाही कागद दिला. कोपीवर गेल्यावर तिथल्या अंगणवाडीत दाखवा म्हणाली. मुकादमाने तो नीट वाचला, उचलीच्या वहीत घातला आणि ट्रॅक्टर सुरू करायला सांगितले.