दोन सर्व्हर, एक डिस्क: ‘लॉक’ सांभाळणारी सेवा काय करते?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एखाद्या साखर कारखान्याचं उदाहरण घ्या. गाळप हंगामात वजनकाटा रात्रंदिवस चालतो. म्हणून नोंदींसाठी दोन सर्व्हर आणि दोघांना जोडलेली एकच सामायिक डिस्क ठेवली, असं समजा. एक बंद पडला तर दुसरा काम पुढे नेतो. यालाच क्लस्टर म्हणतात. पण दोघांनी एकाच वेळी डिस्कच्या एकाच भागावर लिहिलं, तर फाइल सिस्टिमच बिघडते आणि शेतकऱ्यांच्या ऊसबिलाच्या नोंदीही त्यात जाऊ शकतात.

हे टाळण्यासाठी प्रत्येक सर्व्हरवर एक सेवा मागे सतत चालू असते. तिला ‘डीमन’ म्हणतात. रेड हॅट लिनक्समध्ये हे काम पूर्वी ‘सीएलव्हीएमडी’ करायची. २०१९ मध्ये आलेल्या आवृत्ती ८ पासून ‘एलव्हीएमलॉकडी’ करते. डिस्कच्या वाटणीत बदल करण्याआधी ती लॉक घेते. फाइल्ससाठी ‘जीएफएस२’ ही फाइल सिस्टिम ‘डीएलएम’ या लॉक मॅनेजरकडून लॉक मागते.

खरी गोची होते ती दोघांमधली नेटवर्क केबल तुटल्यावर. दोन्ही सर्व्हर चालूच असतात, पण प्रत्येकाला वाटतं, दुसरा गेला. मग एकाची वीज किंवा डिस्कशी असलेली जोडणी तोडावी लागते. हे ‘फेन्सिंग’. ते पूर्ण झाल्याची खात्री होईपर्यंत डीएलएम लॉक देणं थांबवतो. अनेकदा फेन्सिंग बसवायचाच कंटाळा केलेला असतो. मग सगळं अडकतं आणि शिव्या बसतात डीमनला! वास्तविक त्या अडकण्यानेच डेटा वाचलेला असतो.

‘सॅनलॉक’ची पद्धत वेगळी आहे. त्यात लॉकची नोंद सामायिक डिस्कवरच राहते आणि ठरावीक वेळाने ताजी करावी लागते. ती करता आली नाही, तर वॉचडॉग तो सर्व्हर रीस्टार्ट करतो.